आमवातावर जीएम-सीएसएफ रोखणारं औषध पुण्यात मिळतं का?

आईंचा आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) मेथोट्रेक्सेट या औषधाने आटोक्यात येत नाही, म्हणून तुम्ही हे विचारलंत. पुण्यातच काय, आमवातासाठी असं औषध अजून कुठेच बाजारात नाही.

जीएम-सीएसएफ हा शरीरातच बनणारा, पांढऱ्या पेशी वाढवणारा घटक. आमवातात तो सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींना सतत चिथावतो. त्या टीएनएफ, आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रथिनं सोडतात, सांधे सुजतात आणि सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. हा दुवा तोडायची कल्पना मला आजही पटते. तो तोडणाऱ्या औषधांपैकी मॅव्हरिलिमुमॅबने दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत आशा दाखवली. ओटिलिमॅब हे दुसरं औषध तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, पण फायदा तोकडा पडला आणि २०२२ मध्ये कंपनीने मंजुरीचा नाद सोडला. शिवाय फुफ्फुसं स्वच्छ राहायलाही हाच घटक लागतो, ही धास्ती आहेच.

तेव्हा थांबून राहू नका, सांधे एकदा झिजले की पूर्ववत होत नाहीत. टीएनएफ किंवा आयएल-६ रोखणारी इंजेक्शनं, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या पुण्यात मिळतात. संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवा. ते आधी क्षयाची तपासणी सांगतील. ती अजिबात टाळू नका, दबलेला क्षय या औषधांनी उफाळू शकतो. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही!