सात रात्री, सहा हॉटेलं: स्वित्झर्लंडचा आराखडा जरा सैल करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेचा शेवटचा आठवडा, सात रात्री, तुम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि सत्तरीला टेकलेले सासूसासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पक्क्या शाकाहारी. आराखडा असा: झुरिक १, ल्युसर्न १, इंटरलाकन २, झरमॅट १, माँत्रो १, जिनिव्हा १. मध्ये टिटलिस आणि युंगफ्राऊ ही बर्फाची शिखरं, ग्लेशियर एक्सप्रेस ही काचेच्या डब्यांची गाडी, ऱ्हाईनचा धबधबा, आणि जमलं तर मिलान. "हे जमेल का?" असं विचारलंय.

जमेल. तिथल्या गाड्या वेळेवर धावतात, त्यामुळे कागदावर सगळं जुळतं, आणि आपण फसतो ते तिथेच. देश महाराष्ट्राच्या साधारण सातव्या भागाएवढा, म्हणून वाटतं की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सहज जाऊ. पण मध्ये आल्प्स आडवे पडलेत. ग्लेशियर एक्सप्रेसच घ्या. झरमॅटहून निघून ती सुमारे आठ तासांनी सेंट मॉरिट्झला पोचते, म्हणजे देशाच्या पूर्वेला. तुमची पुढची रात्र माँत्रोला, म्हणजे पश्चिमेला. एक अख्खा दिवस काचेच्या डब्यात बसायचं आणि मग तितकंच उलटं यायचं. तिथेच आराखडा फाटतो.

आमची पहिली ट्रिप अशीच होती. सहा दिवस, पाच हॉटेलं, आईबाबा बरोबर. परत आल्यावर शेजाऱ्यांनी बाबांना विचारलं, सगळ्यात काय आवडलं? बाबा म्हणाले, "बर्नच्या स्टेशनातली लिफ्ट." विनोद नव्हता तो. त्यांनी सर्वाधिक वेळ स्टेशनांतच काढला होता. तेव्हापासून मी कुणाचाही आराखडा बघताना ठिकाणं मोजत नाही, बॅगा किती वेळा भरायच्या ते मोजतो. सकाळी अकराच्या आत खोली सोडा, पुढची खोली तीनच्या आधी मिळत नाही, मधल्या वेळात सामान ओढत फिरा. प्रत्येक बदलीला अर्धा दिवस जातो. तुमच्या यादीत अशा पाच बदल्या आहेत.

मी असं करीन: ल्युसर्न २, लाउटरब्रुनेन ४, शेवटची रात्र झुरिक. बस्स. माँत्रो, जिनिव्हा, मिलान यावर फुली. झरमॅटवर फुली मारताना मलाही वाईट वाटतं, पण एका रात्रीसाठी इतका वळसा घालून गेलात आणि तिथलं मॅटरहॉर्न शिखर ढगात असलं, तर हाती चॉकलेटचा त्रिकोणी डबा तेवढा राहतो. तो झुरिकच्या विमानतळावरही मिळतो.

आता जरा तपशिलात. मुंबईहून रात्री निघणारं थेट विमान घेतलंत तर सकाळी सहा-साडेसहाला झुरिकला उतरता. स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे आणि ल्युसर्नला सव्वा तासात पोचता. खोली मिळणार नाही, पण सामान हॉटेलात ठेवून घेतात. त्या दिवशी डोंगर नको. जुना लाकडी पूल बघा (चौदाव्या शतकातला, १९९३ च्या आगीत बराचसा जळला, पुन्हा बांधला) आणि तळ्यात बोटीने फिरा. सासऱ्यांना बोटीतच डुलकी लागेल, लागू द्या.

दुसऱ्या दिवशी टिटलिसऐवजी रिगी डोंगर. यावर घरात वाद होईल, कारण टिटलिसवर बर्फ आहे आणि गोल फिरणारा केबल कारचा पाळणा आहे. पण युंगफ्राऊ करणार असाल तर बर्फ तिथे पोटभर मिळतो. दोनदा कशाला पैसे घालायचे? रिगीला ल्युसर्नहून बोटीने फित्झनाऊपर्यंत जायचं, तासभर लागतो. तिथून दातेरी रुळांची गाडी थेट माथ्याशी नेते. ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, १८७१ सालची. माथा १७९८ मीटर, खाली तळी पसरलेली आणि समोर बर्फाच्या शिखरांची रांग. गुडघ्यांना त्रास नाही. उतरताना वाटेतल्या काल्टबाडहून केबल कारने वेगिसला या आणि परत बोट. हे सगळं स्विस ट्रॅव्हल पासमध्ये (पर्यटकांचा गाड्या-बोटींचा एकत्रित पास) धरलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा तो ब्रुनिग खिंडीतून. ल्युसर्न ते इंटरलाकन जेमतेम दोन तास. ल्युसर्नहून निघताना उजव्या हाताची खिडकी पकडा. आधी सार्नेनचं तळं, मग लुंगेर्नचं हिरवंगार तळं, दोन्ही त्या बाजूला. मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेने निघते आणि आपल्याकडची मंडळी लगबगीने जागा बदलतात. बदलू नका, कारण पुढे ब्रिएन्झचं तळंही तुमच्याच बाजूला येतं.

इंटरलाकनला राहू नका असं मी का म्हणतो? गाव वाईट नाही. यश चोप्रांचा पुतळा आहे, फोटो काढायला थांबाच. पण ते बाजारपेठेचं गाव, डोंगर तिथून लांब दिसतात. वीस मिनिटं पुढे लाउटरब्रुनेनला उतरलात की दोन्ही बाजूंना उभे कडे आणि गावाच्या डोक्यावरून श्टाउबबाख धबधबा कोसळतोय, २९७ मीटर. मेअखेरीस वरचं बर्फ वितळत असतं, म्हणून धबधबे जोरात असतात. एक सावधगिरी: इंटरलाकन ओस्टहून (म्हणजे पूर्व स्टेशनाहून) सुटणारी गाडी वाटेत दुभंगते. अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला जातात, अर्धे लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचून बसा. आम्ही गप्पांच्या नादात ग्रिंडेलवाल्ड फुकट बघून आलो.

तिथल्या चार रात्रींत मधले तीन दिवस मोकळे मिळतात, आणि युंगफ्राऊ कुठल्या दिवशी ते आधी ठरवायचंच नाही. माझ्या सगळ्या उत्तरातला महत्त्वाचा भाग हाच. वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. खाली ऊन असताना वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, असं वारंवार होतं. तिकीट महाग आहे, आणि भारतातून महिनाभर आधी ठरावीक तारखेचं घेतलंत तर तो जुगार आहे. आदल्या संध्याकाळी हवामान बघा, सकाळी वरचा थेट कॅमेरा बघा, मगच निघा. जागेचं आरक्षण आदल्या रात्री करता येतं. पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा, दहानंतर ग्रुप टूरच्या झुंडी येतात.

जाताना वेंगेन आणि क्लाइने शायडेग या वाटेतल्या स्टेशनांमार्गे जा, येताना आयगरग्लेचर स्टेशनाहून मोठ्या केबल कारने ग्रिंडेलवाल्डला उतरा, म्हणजे दोन्ही वाटा होतात. आयगर शिखराच्या पोटातून वर जाणारी रेल्वे १८९६ ला सुरू करून १९१२ मध्ये पुरी झाली. सात किलोमीटरचा बोगदा आणि आत बाहेरचं काही दिसत नाही, हे लेकीला आधी सांगून ठेवा, नाहीतर "कधी येणार?" सुरू होईल. वर सावकाश चाला, भरपूर पाणी प्या. सासूसासऱ्यांपैकी कुणाला हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, दोघांना क्लाइने शायडेगला ऊन खात बसवा. समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ तिघंही उभे असतात. खरं सांगायचं तर माझ्या आईला तीच जागा जास्त आवडली.

त्या तीनांतला दुसरा दिवस म्युरेनचा. लाउटरब्रुनेनहून केबल कारने ग्र्युत्शआल्प आणि पुढे कड्याच्या काठाने धावणारी छोटी गाडी. म्युरेन १६३८ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून आठच मीटर खाली, आणि तिथे माणसं राहतात, मोटारी नाहीत. एक बाक शोधा आणि बसा. तिसरा दिवस ट्रुमेलबाखचा: हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या आतून दहा टप्प्यांत कोसळतं, जोरात असताना सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत लिफ्ट आहे, पण वरच्या पायऱ्या ओल्या असतात. सासूबाईंनी लिफ्टजवळचेच टप्पे बघावेत. गावातून तिथवर सपाट रस्ता, तीनेक किलोमीटर, आणि बसही आहे. पाऊस असला तरी या जागेचं काही बिघडत नाही, म्हणून पावसाचा दिवस तिच्यासाठी राखून ठेवा.

मेअखेरीस उंचावरच्या काही पायवाटा बर्फाखाली असतात आणि काही केबल कार दुरुस्तीसाठी बंद असतात. यूट्यूबवर जुलैचे व्हिडिओ बघून बेत ठरवू नका, त्या-त्या ठिकाणच्या वेळापत्रकात तारखा तपासा.

सातव्या दिवशी झुरिक. लवकर निघालात तर सामान झुरिकला टाकून ऱ्हाईनचा धबधबा होतो, गाडीने तासाभराच्या आत. उंची फक्त २३ मीटर, पण रुंदी १५० मीटर. दीडशे मीटर रुंद कोसळणारी ऱ्हाईन बघताना उंची कोण विचारतो? कंटाळा आला असेल तर सोडून द्या.

पासचं गणित घरी बसून करा. ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. युंगफ्राऊला तो वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पूर्ण चालतो, पुढे फक्त सवलत. महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड बहुतेक सगळीकडे निम्म्या भाड्यात नेतं. एकाच दरीत चार रात्री राहणाऱ्याला कित्येकदा ते स्वस्त पडतं, आमच्या दुसऱ्या ट्रिपला पडलं. स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर प्रत्येक प्रवासाचं भाडं दिसतं, कागदावर बेरीज करा. लेकीसाठी फॅमिली कार्ड मागायला विसरू नका, आई किंवा बाबांबरोबर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना फुकट आहे. मागितलं तरच देतात.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. मिग्रो आणि कोप या दुकानांत तांदूळ, भाज्या, दही, ब्रेड सगळं मिळतं, बाहेर पाच जणांचं एक जेवण खिसा रिकामा करतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली उघडी, म्हणून शनिवारीच भरून ठेवा. सासूबाईंसाठी मेतकूट, उपम्याची पाकिटं, थेपले न्या. मात्र तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या नकोत, भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मे महिना असल्यामुळे सांगतो, हापूसही नाही. ताजी फळं न्यायला प्रमाणपत्र लागतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, "पिण्याचे नाही" अशी पाटी नसलेल्या कुठल्याही कारंज्याचं पाणी पिता येतं. आपले जाड पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, अडॅप्टर इथूनच घ्या.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा पटकन भरतात, तेव्हा थांबू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. घरं रद्द करता येतील अशीच बुक करा.

आणि बेत पक्का करण्याआधी एक काम करा. आपल्याकडे सकाळी साडेदहा वाजले की उन्हाळ्यात तिथे सात वाजलेले असतात. उद्यापासून आठवडाभर रोज त्या वेळी युंगफ्राऊचा कॅमेरा उघडा आणि किती दिवस शिखर दिसतं ते लिहून ठेवा. तो कागद घरात टिटलिस-झरमॅटवाल्यांपुढे ठेवा.