तोरेसच्या वाइन: पहिली बाटली कोणती?

थेट 'मास ला प्लाना' या तोरेसच्या नावाजलेल्या रेड वाइनला हात घालू नकोस. तिच्या १९७० च्या वाइनने १९७९ साली पॅरिसच्या स्पर्धेत नामवंत फ्रेंच वाइनना मागे टाकलं, पण ती कळायला जीभ आधी तयार व्हावी लागते. स्पेनमधल्या पेनेदेस भागातलं तोरेस हे वाइन बनवणारं घराणं १८७० पासूनचं. १९७९ मध्येच ते चिलीलाही पोचलं. तू मात्र त्यांच्या स्पेनमधल्या वाइनपासूनच सुरू कर.

- आधी 'सांग्रे दे तोरो' घे. १९५४ पासूनची, बाटलीच्या गळ्यात इवलासा बैल.
- रेड आहे म्हणून उकाड्यात तशीच ओतू नकोस. नवखे इथेच चुकतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर नाकात नुसता अल्कोहोल जातो.
- मग 'विन्या एस्मेराल्दा' ही व्हाइट वाइन, चांगली थंड. ग्लास तिसरा हिस्साच भर, फिरव, हुंग. मोस्कातेल द्राक्षाचा फुलांसारखा वास आला की मला नक्की कळव!