सीलबंद ट्रेलरचे नग न मोजता बिल ऑफ लेडिंगवर (माल वाहतुकीला घेतल्याच्या पावतीवर) सही केली, तर माल कमी निघाल्यास ड्रायव्हर अडकतो का? (अमेरिका)

सहसा नाही, ड्रायव्हर वाहतूक कंपनीच्या वतीने सही करतो, त्यामुळे मालाचा दावा कंपनीवर येतो. पण शेरा न लिहिता केलेली सही म्हणजे ‘लिहिलेले नग मिळाले’ अशी कबुली धरली जाऊ शकते. म्हणून सहीशेजारी ‘शिपर लोड अँड काउंट’ (माल शिपरने, म्हणजे पाठवणाऱ्याने, भरला आणि मोजला) हा शेरा आणि सील क्रमांक लिहा, आपल्या प्रतीचा फोटोही काढा. माल शिपरने भरला असेल तर संघराज्य कायद्याचे कलम 80113 अशा शेऱ्याला मान देते. शिपर शेरा लिहू देत नसेल, तर सहीआधी डिस्पॅचरला (कंपनीत गाड्यांचे काम ठरवणाऱ्याला) लेखी कळवा. मात्र नग तुम्हीच मोजले असतील तर या शेऱ्याचा आधार फारसा उरत नाही, आणि जादा वजनाच्या दंडाला तर तो लागूच नाही. वजनकाट्यावर गाडी तुम्हीच उभी करता.