मॉनिटरवरचा 'आरआर' कुठून येतो?

प्रश्न : वडील आयसीयूत आहेत. मॉनिटरवर श्वासाचा आकडा घडीत 14, घडीत 32 दिसतो. नाकाला तर काहीच लावलेलं नाही. मग श्वास मोजतात कशावरून?

उत्तर : छातीवरून. ईसीजीसाठी छातीला जे इलेक्ट्रोड चिकटवलेले असतात, त्यांतल्याच दोहोंमधून मॉनिटर अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतो. पेशंटला तो जाणवत नाही. श्वास घेतला की छातीत हवा भरते आणि प्रवाहाला होणारा अडथळा वाढतो, सोडला की कमी होतो. पडद्यावरची लाट ती हीच, आणि मिनिटाला अशा किती लाटा, तो 'आरआर'. म्हणजे हवा मोजली जात नाही, छातीची हालचाल मोजली जाते. बाबा खोकले, कुशीवर वळले, कुणी पाठ चोळली, तरी लाट उठते. उलट श्वास फार उथळ असेल तर कधी हृदयाचे ठोकेच श्वास म्हणून मोजले जातात. आरआर आणि नाडी एकाच आकड्यावर आली की मी आधी इलेक्ट्रोड कुठे लावलेत ते बघतो.

शंका आली की पांघरूण जरा खाली सारून पूर्ण मिनिटभर मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाई नको. 'श्वास मोजतोय' असं सांगायचंही नाही; सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी मनगट धरून नाडी बघतोय असं भासवतो आणि नजर छातीवर ठेवतो. मोठ्या माणसाचा आरामात असतानाचा श्वास 12 ते 20. सतत 25 किंवा त्याहून जास्त असेल, तर लगेच सांगा.

प्रश्न : ऑपरेशननंतर आई घोरत झोपली होती. आरआर 16, ऑक्सिजन 97. तरी सिस्टरनी धावत डॉक्टरांना बोलावलं. आकडे तर चांगले होते!

उत्तर : सिस्टरचं बरोबर होतं. वेदनाशामक अफूवर्गीय औषधांच्या गुंगीत जीभ मागे पडते, घसा बंद होतो. छाती मात्र ओढ घेत राहते, आणि मॉनिटर ते श्वास म्हणून मोजत बसतो. त्यात ऑक्सिजन चालू असेल तर बोटाच्या क्लिपवरचा आकडाही उशिरा घसरतो. अशा वेळी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ उपयोगी पडतं, कारण ते खरोखर बाहेर आलेली हवा तपासतं. नेहमीचा आकडा 35 ते 45. घोरणं एकदम थांबलं आणि छाती ओढतेच आहे, तर हाक मारा, जागं करा, सिस्टरना बोलवा.

प्रश्न : अलार्म सारखा वाजतो. आवाज बंद केला तर चालेल?

उत्तर : नाही. बऱ्याचदा सुटलेला इलेक्ट्रोड असतो, पण ते ठरवायचं सिस्टरनी. तुम्ही आधी पेशंटकडे बघा, मग पडद्याकडे.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाला सर्दी-खोकला आहे. घरच्या ऑक्सिमीटरवरचा 'पीआर' म्हणजे श्वासच ना?

उत्तर : नाही, ती नाडी. श्वास तुम्हालाच मोजावा लागेल. बाळ रडत किंवा पीत असताना नको; शांत झोपलं की झबलं वर करून पोटाकडे बघा, पूर्ण मिनिटभर. या वयात 50 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसू नका. थेट दवाखाना गाठा.