तलावाकाठचा फ्लॅट : जादा दर नेमका कशासाठी मोजायचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण पुण्यात नोकरीला आहात, आई-वडील बेळगावातच राहणार आहेत, आणि त्यांच्यासाठी किल्ला तलावाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या आलिशान इमारतीत सातव्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट घ्यावा का? ‘तलाव समोर, बाजारपेठ चालत’ असे सांगून बिल्डर बेळगावच्याच टिळकवाडी भागातल्या तेवढ्याच फ्लॅटपेक्षा बराच जादा दर मागत आहे. माझे मत असे की, चालत जाता येण्यासाठी जादा पैसे जरूर मोजावेत, पाण्याच्या दृश्यासाठी मात्र हात आखडता घ्यावा.

याचे पहिले कारण कागदावरचे आहे. खरेदीपत्रात आपल्याला फ्लॅट आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा मिळतो, तलाव मिळत नाही. इमारत आणि तलाव यांच्यामध्ये दुसऱ्याची मोकळी जागा असेल आणि उद्या तिथे रीतसर परवानगीने मजले चढले, तर दृश्य अडले म्हणून सहसा दाद लागत नाही. म्हणून मधल्या जागेचा सीटीएस (नगर भूमापन) उतारा काढून ती कोणाची आहे आणि आराखड्यात कशासाठी दाखवली आहे, हे महापालिका आणि बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) या दोन्ही ठिकाणी पाहावे. तलावाच्या हद्दीपासून सोडायच्या अंतराचे नियम राज्यात वेळोवेळी बदलत आले आहेत, त्यामुळे मंजूर नकाशात ती हद्दरेषा कुठे आखली आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. माहितीपत्रकात ‘अखंड तलावदृश्य’ असे छापले असेल तर ते पत्रक जपून ठेवावे, कारण रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते.

दुसरे कारण आपल्या हवेचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरच्या या गावात जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा आणि झड किती असते, हे आपल्या आई-वडिलांना सांगायला नको. सातव्या मजल्यावर, समोर आडोसा नसताना, काचेच्या मोठमोठ्या सरकत्या खिडक्या हे वैभव कमी आणि काळजी जास्त ठरते. नमुना फ्लॅट पाहायला जाल तेव्हा एक तांब्या पाणी खिडकीच्या खालच्या पट्टीत ओतून पाहा. बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोके असतात, ती बहुतेक वेळा सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली असतात, आणि मग तेच पाणी आतल्या भिंतीवरून उतरून सोफ्यामागे बुरशी धरते. बाल्कनीचा उतार बाहेरच्या जाळीकडे आहे की दिवाणखान्याकडे, हेही तेव्हाच कळेल. शिवाय फ्लॅट एकदा दसऱ्याच्या सुमारास आणि एकदा एप्रिलअखेर पाहावा. उन्हाळ्यात पाणी उतरले की तलावाचा वास आणि डास दोन्ही वर येतात, आणि विक्री कार्यालयातला माणूस शक्यतो पावसाळ्यानंतरच बोलावतो. (बळ्ळारी नाल्याकडच्या सखल भागात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी कसे शिरले ते आठवत असेल, तर तळघरातल्या पार्किंगचे पाणी कुठे सोडणार आहेत, हा प्रश्न विचारायला संकोच वाटणार नाही.)

आता चालण्याविषयी. नकाशावर किल्ला तलावापासून मध्यवर्ती बसस्थानक जवळ दिसते आणि खडे बाजार, गणपत गल्ली त्यापुढेच दिसतात. पण म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने अंतरापेक्षा वाटेतला चौक महत्त्वाचा असतो. महामार्गाकडून येणाऱ्या बसगाड्या, रिक्षा, फूटपाथवर लावलेल्या स्कूटर आणि दर काही पावलांवर बदलणारी फूटपाथची उंची, हे सारे ओलांडून भाजीची पिशवी घेऊन परत यायचे आहे. आईला घेऊन संध्याकाळी सहाच्या सुमारास एकदा जाऊन या. तिने परतताना रिक्षा करू म्हटले, तर ‘चालत’ या शब्दासाठी मागितलेला दर वजा करून बोलणी करावीत. टिळकवाडीची गोष्ट वेगळी आहे : तिथे रोजचे सामान, डॉक्टर आणि फिरायला जागा जवळ मिळते, पण गावात यायचे तर रेल्वे गेट किंवा उड्डाणपूल आलाच. गणेश विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे आपण जाणताच; शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्रीही मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हा रुग्णवाहिका कोणत्या बाजूने येईल, हे ठरवून ठेवावे. मला स्वतःला त्या रात्री गावात असणे आवडते, पण रक्तदाबाच्या रुग्णाला ढोल-ताशांजवळ ठेवणे निराळे.

पुण्याची सवय असलेल्यांची एक गफलत नेहमी होते. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण सोसायटी गृहीत धरली जाते. कर्नाटकात सहसा १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून मालकांची संघटना होते. त्या घोषणापत्रात जलतरण तलाव, क्लब हाऊस आणि गच्ची सामाईक आहेत की बिल्डरने स्वतःकडे राखून ठेवली आहेत, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. कागद कन्नडमध्ये असतील, म्हणून दोन्ही भाषा येणारा आणि बिल्डरने न सुचवलेला वकील गाठावा. आलिशान इमारतीत बरेच मालक बाहेरगावी असतात, दरवाजे कुलूपबंद राहतात आणि देखभालीची वर्गणी थकते. मग लिफ्टचा करार आणि जनरेटरचे डिझेल यांचा भार तिथे राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांवर पडतो. देखभालीचा दर आणि राखीव निधी लेखी घ्यावा.

दराची तुलना कार्पेट क्षेत्रावरच, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरच, करावी. रेराच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, आणि तलावाकडच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीच मोठी असते. तयार इमारत पूर्णत्वाच्या दाखल्यासह मिळत असेल तर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असताना आलिशान फ्लॅटवर तो ५ टक्के आहे. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे, तेव्हा ‘तलावाकडचे थोडेच राहिले आहेत’ असे कितीही सांगितले तरी त्यापुढे एक रुपयाही देऊ नये.