मालिका-सिनेमांतली विज्ञानाची कोणती चूक तुम्हाला सगळ्यात जास्त खटकते?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण काल रात्रीच घरी यावरून वाजलं. सासूबाई नागिणीची मालिका बघत होत्या आणि मी सवयीप्रमाणे मध्ये तोंड घातलं.

खरं सांगू का, इच्छाधारी नागिणीबद्दल माझी तक्रार नाही. बाईची नागीण होते, डोक्यावर मणी चमकतो, ही गोष्ट आहे हे सासूबाईंनाही कळतं. पुंगीवर डोलणारा नागही सोडून देते. (सापाला बाहेरचा कान नसतो. तो डोलतो ते समोर हलणाऱ्या पुंगीकडे लक्ष ठेवून.)

मला खटकतो तो त्यातला खरा वाटणारा भाग. नायिकेच्या पायाला साप चावतो. दोन सुबक ठिपके उमटतात. नायक रुमाल आवळून बांधतो, जखमेला तोंड लावून विष ओढतो, थुंकतो. ती निळी पडते. मग डॉक्टर एक इंजेक्शन देतात आणि ती डोळे उघडते. मी २१ वर्षं सरकारी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, आणि हा प्रसंग खरा मानून वागलेली माणसं दर पावसाळ्यात आमच्याकडे येतात.

आधी ते दोन ठिपके. भातलावणीचे दिवस होते. पहाटे पाचला एक बाप बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून आला. पोरगा जमिनीवर झोपलेला, मध्यरात्री पोटात दुखतंय म्हणून उठला. घरच्यांनी ओवा दिला, पोट शेकलं. पहाटे त्याचे डोळे उघडेनात. मी म्हटलं, "वर बघ रे बाळा." त्याने भुवया ताणल्या, कपाळावर आठ्या पडल्या, पापण्या मात्र तशाच खाली. डॉक्टरांनी लगेच विचारलं, साप चावला का? बाप म्हणाला, "नाही साहेब, अख्खं अंग बघितलं टॉर्च लावून. दात कुठंच उमटले नाहीत."

मण्यार होती. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण दिसतच नाही, दुखतही फारसं नाही. पोटदुखी, उलटी, जड पापण्या, आणि मग श्वासाचे स्नायूच थांबतात. विष एकदा नसांच्या टोकांना भिनलं की औषधानेही ते लगेच उलटत नाही, व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात. त्या मुलाला आम्ही श्वासाची नळी घातली, १०८ मधून जिल्ह्याला पाठवलं, श्वास देणारा रबरी फुगा दाबत एक सिस्टर सोबत गेली. वाचला. पण "ठिपके नाहीत म्हणजे साप नाही" या हिशोबात तीन-चार तास गेले होते. आणि हो, अंग निळं पडतं ते श्वास बंद पडत आल्यावर. विषाचा रंग निळा असतो म्हणून नव्हे.

रुमाल बांधणं तर विचारूच नका. रुमाल, सुतळी, परकराची नाडी, एकदा चक्क सायकलची ट्यूब. घट्ट बांधल्याने विष पूर्ण अडत नाहीच, पण पायाचा रक्तपुरवठा तुटतो. नाग किंवा घोणस चावली असेल तर तिथलं मांस सडण्याची भीती आधीच असते, त्यात ही भर. बांधलेलं आम्ही एकदम सोडूही शकत नाही, कारण जेवढं अडलेलं असतं तेवढं विष एका झटक्यात अंगात जाऊ शकतं. आधी सलाईन लावायचं, औषधं हाताशी घ्यायची, मग हळूच सोडायचं. तोंडाने ओढून विष निघत नाही, ते केव्हाच पुढे गेलेलं असतं. मोडलेल्या हाडाला बांधतो तशी फळी लावा, पाय हलवू देऊ नका, चालवू नका, गाडी मिळेल तशी पळवा. इतकंच करायचं. साप मारून पिशवीत घालून आणू नका. आणलेले आहेत, अर्धमेले, आमच्या टेबलावर!

आता ते एक इंजेक्शन. आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच औषध असतं, घोड्यांच्या रक्तापासून केलेलं. आम्ही त्याला एएसव्ही म्हणतो. सुरुवातच ८ ते १० व्हायलने, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्यांनी, होते. पावडर पाण्यात विरघळवायची, तीही तळहातांत हळू फिरवून, कारण हलवली की फेस येतो. बाहेर नातेवाईक ओरडतात, लवकर करा, आणि आत आम्ही व्हायल फिरवत बसलेलो. लहान मुलालाही डोस मोठ्या माणसाइतकाच, कारण सापाने पोर बघून विष कमी सोडलेलं नसतं. काहींना औषधाचीच रिॲक्शन येते, म्हणून ती आवरणारं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन आधी काढून ठेवायचं.

मालिकावाल्यांना सस्पेन्स हवा असेल तर तो आमच्या काचेच्या नळीत आहे. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते बघायला २ मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं. मग नळी आडवी करायची. गोठलं असेल तर गोळा जागेवर राहतो. नसेल तर रक्त पाण्यासारखं ओघळतं. ती २० मिनिटं अख्खं घर त्या नळीकडे बघत असतं, कुणी बोलत नाही.

हे सगळं मी काल सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवत म्हणाल्या, "वीस मिनिटं नळी दाखवली तर जाहिराती कधी दाखवतील गं?"