वाचक विचारतात : वचन ऐकले, मग रडायचे नाही का?

प्रश्न : वडिलांच्या दफनविधीत बायबलमधले प्रकटीकरण २१:४ वाचले गेले आणि लगेच कुणीतरी आईला म्हणाले, ‘आता रडू नका, वचन ऐकलेत ना?’ तेव्हापासून ती गप्पच आहे. वचनाचा असा अर्थ होतो का? आणि पहिल्या स्मरणदिनाला कोणता उतारा वाचावा?
– एक वाचक, जालना

उत्तर : असा अर्थ होत नाही. ‘तो त्यांच्या डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील’ यात क्रियापद भविष्यकाळी आहे आणि पुसणारा देव आहे. रडणाऱ्याने ते आधीच गिळावेत असे तिथे कुणी म्हटलेले नाही. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवायलाच निघालेला येशूसुद्धा कबरीपाशी पोहोचण्याआधी रडला (योहान ११:३५).

गडबड होते ती बहुतेक १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ अर्धेच पाठ असल्यामुळे. ‘खेद करू नये’ एवढेच लक्षात राहते. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे पूर्ण वाक्य आहे, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये. मनाई शोकाला नाही.

अश्रू पुसण्याचे ते चौथे वचन एकटे उचलू नका. प्रकटीकरण २१ पहिल्या वचनापासून वाचले तर दिसते की माणसे वर जात नाहीत, नवी यरुशलेम नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देवाचा मंडप माणसांमध्ये येतो. मग डोळे पुसणारा हात शेजारचाच वाटतो. थांबायचे मात्र सातव्या वचनावर. वाचणारा ओघात आठव्यात शिरला, तर भेकड, अविश्वासी अशी यादी येते, पुढे अग्निसरोवर. शोकाच्या घरात त्याची जागा नव्हे.

अश्रू पुसण्याची ही प्रतिमा मुळात यशया २५:६–८ मधली. तिथे डोंगरावर सर्व राष्ट्रांसाठी मेजवानी मांडली आहे, आणि त्याच प्रसंगी देव मरणाला कायमचे गिळून टाकतो आणि सर्वांचे अश्रू पुसतो. कनानी, म्हणजे इस्राएलच्या शेजारच्या लोकांच्या, कथांत जबडा वासून सगळ्यांना गिळणारा ‘मोत’ म्हणजे मृत्यू. यशयाने खाणाऱ्यालाच ताटात बसवले! पौल १ करिंथ १५:५४ मध्ये हेच वचन घेतो.

स्मरणदिनाला आमची पसंती स्तोत्र १२६. सहाच वचने, त्यामुळे काही गाळायचे कारण नाही. चौथ्या वचनातले नेगेव या दक्षिणेकडच्या रखरखीत प्रदेशातले ओढे एरवी कोरडे ठणठणीत असतात आणि पाऊस झाला की एकाएकी भरून वाहतात. पाचव्या-सहाव्यात मात्र रडत केलेली पेरणी आहे, तिला हंगामभर थांबावे लागते. आनंद दोन्ही वेगांनी येतो हे ज्वारी पेरणाऱ्याला वेगळे समजावायला नको. चौथ्या वचनानंतर एक श्वास थांबून मगच पुढे वाचा. आणि आईंना रडू आले, तर वाचणाऱ्याने घाईने प्रार्थना सुरू करू नये. रडणाऱ्यांबरोबर रडा, असे रोमकरांस १२:१५ सांगते.

प्रश्न : यशया ६१:३ मध्ये ‘राखेऐवजी शिरोभूषण’ अशी विचित्र जोडी का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : शोक करणारे डोक्यावर राख घालत, म्हणून बदलही डोक्यावरच. शिवाय हिब्रूत हा शब्दखेळ आहे : राख म्हणजे ‘एफेर’, शिरोभूषण म्हणजे ‘पएर’. अक्षरे तीच तीन, पहिल्या दोघांची फक्त अदलाबदल. मराठीत हे उतरत नाही. पण दहाव्या वचनात हाच शब्द नवरदेवाच्या डोक्यावर येतो, तेव्हा शिकवताना ‘फेटा’ म्हटलेत तरी चालेल.